सगळ्या वायरी काळ्या

प्रिय लेका,

फोन केला की तू ‘हो आई, बघू, नंतर करतो’ म्हणून ठेवून देतोस. माझं असं आहे की फोन कानाला लावला की आवाज आपोआप दुकानातला होतो, समोर इंजिन चालू असल्यासारखा. त्यामुळे तुलाही ठेवून द्यावासा वाटत असेल, मी दोष देत नाही. म्हणून या वेळी कागद घेऊन बसले आहे. तुझे बाबा समोर बसून हसतायत. म्हणतात, हिने पत्राच्या वरच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर टाकला नाही म्हणजे मिळवली. हात साबणाने दोनदा धुतले तरी कडेला अंगठा उमटलाच आहे. तो ग्रीसचा आहे, उगाच दुसरा काही अर्थ काढत बसू नकोस.

तुझा निरोप ताईकडून मिळाला. हत्यारांची पेटी कुणाला हवी असेल त्याला देऊन टाक, असं तू तिला सांगितलंस म्हणे. पेटी दिलेली नाही, देणार नाही, आणि यावर पुन्हा विचारायचं नाही. पण पेटीचं जाऊ दे. त्यापुढे तू जे बोललास ते तिने मला आधी सांगितलं नव्हतं, मी खोदून खोदून विचारल्यावर सांगितलं. तू म्हणालास, ‘मला या कामाचं डोकंच नाही, आईचं दुकान म्हणून उगाच तिथे लुडबुडत होतो.’ मालधक्क्यावर पोती चढवतोस, पाठ दुखते, खोलीत चौघं राहता, याचं मला विशेष काही वाटत नाही. काम ते काम, पाठ तर माझीही दुखते. पण आपण निकामी आहोत असं मनाशी धरून तू तिथे राबतोयस, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

त्या फर्निचरवाल्याच्या ट्रकचं आधी बोलून टाकू. तू गेल्यापासून घरात त्याचं नाव कुणी काढत नाही, आणि नाव न काढल्याने ते जास्तच आठवतं. पुढे दोन जादा फॉगलाईट लावायचे, डॅशबोर्डवर त्यांचं बटण बसवायचं, बटणावर भार नको म्हणून मध्ये एक रिले घालायचा. असलं काम तू डोळे मिटून करशील म्हणून तुझ्यावर सोडून मी बॅटऱ्यांचं पाणी बघायला गेले. दिव्यांबरोबर आलेल्या वायरींत लाल होती ती पुरवठ्याची आणि तपकिरी अर्थिंगची. तू तपकिरीला पुरवठा दिलास आणि तो सरळ गाडीच्या बॉडीत उतरला. तरी फ्यूज उडून भागलं असतं, पण आधीच्या कुणा शहाण्याने तिथे फ्यूजऐवजी तारेचा तुकडा अडकवून ठेवला होता. तो कसला उडतोय. डॅशबोर्डखालची सगळी वायरिंग जळाली. मी ओरडले. धूर निघत असताना कुणी कुजबुजत नाही, त्यामुळे ते ओरडणं मी काही मागे घेत नाही. पण तू मान खाली घालून जळकी वायर एकेक करून उपसून काढलीस, टेबल पुसलंस, झाडू मारलास आणि चार दिवसांत गावच सोडलंस, तेव्हा मात्र मी तुला अडवलं नाही. कारण ती तशी पहिली चूक नव्हती, आणि प्रत्येक वेळी तू अगदी मन लावून काम करत असतानाच ती झाली होती. मला तो हिशोब लागत नव्हता. लक्ष नसलेला माणूस दुरून ओळखू येतो, आणि तू तसा कधी दिसला नाहीस.

आता बातमी ऐक. गेल्या महिन्यात भोंगाकाका आले होते. आठवतात ना, लहानपणी त्यांचा ट्रक कोपऱ्यावर वळला की तू कानावर हात ठेवून टेबलाखाली शिरायचास. अजून तोच ट्रक, तोच हॉर्न, फक्त मिशा पांढऱ्या. म्हणाले, गाडीत भूत शिरलंय. केबिनमधला पंखा लावला की पुढचे जादा दिवे मिणमिणतात, ब्रेक दाबला की टपावरचा दिवा लुकलुकतो, आणि मागचा दिवा लावला की पंखा दमून जातो. दोन ठिकाणी दाखवून आले होते. एकाने बॅटरी बदलायला लावली, दुसऱ्याने सगळे बल्ब. भूत काही गेलं नाही. शेवटी म्हणाले, ही नानाच्या हातची गाडी आहे, तूच बघ. नाना म्हणजे तुझे आजोबा, माझे वडील. तुला ते दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसलेलेच आठवत असतील. पण त्याआधी तीसेक वर्षं या रस्त्यावरच्या निम्म्या ट्रकांचे जादा दिवे त्यांनीच लावले होते.

मी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. सगळ्या वायरी काळ्या. पंख्याची काळी, दिव्यांची काळी, बॅटरीकडून येणारी काळी, अर्थिंगलाही काळीच. काळ्या वायरींचा हा एवढा झुपका, आणि त्यात कोण कुठे जातंय याचा पत्ता नाही. तशी ही गोष्ट मला नवी नव्हती. उतारवयात नाना काळ्या वायरीचं एकच भलंमोठं रीळ आणायचे आणि तेच सगळीकडे वापरायचे, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. लोक चेष्टा करायचे की पोरीच्या लग्नात हात आखडला तो परत सुटलाच नाही. नाना हसून घ्यायचे. मीही मनातल्या मनात त्यांना चिक्कू म्हटलेलं आहे. त्यांचं दुकान माझ्या हाती आलं तेव्हा पहिलं काम मी हे केलं की ते काळं रीळ माळ्यावर टाकलं आणि पाच रंगांची रिळं आणून भिंतीवर टांगली. नाना उभे राहून बघत होते. मग स्टूल ओढून दाराशी बसले.

तर मी सीटखाली आडवी झाले, मान डॅशबोर्डच्या आत, टॉर्च दातांत धरलेला. एकेका वायरीला टेस्ट लॅम्प लावून चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या. नानांच्या नावाने जे काही बोलत होते ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात टॉर्च दातांतून निसटला आणि कुठेतरी खाली गडगडत गेला. अंधारात मी हातातली वायर सोडू नये म्हणून बोटांनी मागे मागे चाचपत गेले, तर टोकाजवळ काहीतरी खरखरीत लागलं. जाड सुती दोरा घट्ट गुंडाळलेला, आणि त्याला एक गाठ. शेजारच्या वायरीला दोन गाठी. तिसरीला तीन. एकीला दोरा होता पण गाठ नव्हती. मी तशीच पडून राहिले आणि नुसत्या बोटांनी सगळ्या वायरी मोजल्या. एक गाठ म्हणजे बॅटरीकडून येणारी, दोन म्हणजे बटणाकडची, तीन म्हणजे दिव्याकडे जाणारी, बिनगाठीची अर्थिंगला. जिथे वायर सुरू होते तिथे गाठी, जिथे संपते तिथे तेवढ्याच. एकही चुकलेली नाही. टॉर्च शोधायची गरजच उरली नाही. मी मनात म्हटलं, म्हातारबुवांनी डोकं लढवलंय, अंधारात काम सोपं व्हावं म्हणून. तेव्हा मला एवढंच कळलं होतं.

मग टपावरच्या दिव्याची वायर धरून वर गेले. ते दिवे या गाडीवरचे सगळ्यात जुने, भोंगाकाकांनी गाडी नवी घेतली तेव्हाचे. आतलं पत्र्याचं कव्हर सोडवलं, तर तिथे रंग. लाल, हिरवी, पिवळी, तपकिरी, विटलेल्या पण ओळखू येतील अशा. गाठी नाहीत, दोरा नाही. आणि प्रत्येक जोडावर गुंडाळलेली टेप उलट्या दिशेने गेलेली. असं फक्त डावखुरा माणूस करतो. नाना उजव्या हाताचे होते. ती टेप मी गुंडाळली होती. शाळेतून आले की मी त्यांच्याबरोबर असायचे, आणि जोडावर टेप लावणं हे माझं काम होतं. म्हणजे एकाच गाडीत दोन नाना होते. मी घरी होते तोवरचे नाना पाच रंगांच्या वायरी वापरत होते. मी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले आणि पुढचं सगळं काम काळं झालं. मी शिडीवरच बसले. खाली भोंगाकाका चहाचा पेला घेऊन उभे होते. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, काका, नानांनी रंगीत वायर का सोडली?

ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी माझंच नाव विचारलंय. मग म्हणाले, “अगं, त्याला लाल-हिरवं कळत नव्हतं. तूच तर त्याला रंग सांगायचीस.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी गेल्यानंतर वर्षभरातली गोष्ट. त्यांनी हौसेने डॅशबोर्डसाठी नवी बटणं आणली होती, टोकाला लाल, हिरवे, पिवळे दिवे असलेली. नानांनी ती बसवून दिली आणि सांगितलं की लाल टपाचं, हिरवं पुढच्या दिव्यांचं. निघालं नेमकं उलटं. काका घाटातून उतरत होते, समोर धुकं, आणि पुढचे दिवे लावायला गेले तर टप उजळला. परत येऊन ते नानांशी भांडले, आणि भोंगाकाकांचं भांडण म्हणजे तीन गल्ल्यांत ऐकू जातं. नानांनी दुकानातल्या बाकीच्यांना चहाला पाठवलं, दार लोटलं आणि त्यांना सांगून टाकलं. मग ती रंगीत बटणं काढली, साधी बसवली, आणि प्रत्येकाच्या दांडीवर कानशीने खाचा पाडल्या. एक खाच टपाला, दोन पुढच्यांना. त्या खाचा अजून आहेत. मी सकाळपासून त्यांवर हात ठेवत होते आणि मला वाटत होतं की वापरून झिजलंय. नानांनी काकांकडून एकच वचन घेतलं होतं की बाजारात बोलायचं नाही. ज्याला रंग कळत नाहीत त्याच्याकडे वायरिंग कोण टाकणार? काकांनी ते पाळलं. त्यांची एवढीच समजूत होती की मला तरी हे माहीतच असणार.

मला माहीत नव्हतं. मला काय आठवतं ते सांगते. ट्रकच्या मडगार्डवर मी बसलेली, पाय लोंबकळत, आणि नाना खालून एकेक वायर वर धरायचे. म्हणायचे, बोल, हा कुठला? मी सांगायचे, हिरवा. ते ‘हं’ म्हणायचे आणि जोडायचे. मला वाटायचं माझी परीक्षा चालली आहे. बरोबर की चूक ते कधीच सांगायचे नाहीत, त्यामुळे मी घरी जाऊन खट्टू व्हायचे. वाटायचं, इतकी वर्षं झाली तरी हे मला तेच तेच विचारतायत, म्हणजे मी चांगलीच मठ्ठ असणार. एकदा मी तापाने पडले होते तर त्यांनी नवं कामच घेतलं नाही, दिवसभर बॅटऱ्यांची टोकं घासत बसले. आई म्हणाली, गिऱ्हाईक नसेल. शाळेची सहल निघाली की त्यांचा चेहरा पडायचा, आणि मी समजायचे की पैशांसाठी. सगळं आता एकेक करून जागेवर बसतंय. ते मला विचारत होते रे. अगदी खरोखर, माहीत नाही म्हणून विचारत होते.

त्या दिवशी मी शिडीवर बसून रडले, आणि मग मला भयंकर राग आला. सांगायला काय झालं होतं या माणसाला? तुझ्या बाबांबरोबर मी या गावी परत राहायला आले तेव्हा सांगता आलं असतं. मी त्यांच्या डोळ्यांदेखत काळं रीळ माळ्यावर टाकलं तेव्हा सांगता आलं असतं. दुकान मुलीच्या हाती गेलं आणि मुलीने भिंतीवर पाच रंग टांगले, त्या क्षणी त्यांच्यासाठी स्वतःच्या दुकानात करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ते स्टुलावर जाऊन बसले. आम्हाला वाटलं, थकले. बाबा म्हणतात, त्यांना मुलीसमोर कमी पडायचं नव्हतं. असेल. मला अजून ते पुरतं पटत नाही. चार दिवस मी भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी पुसायला काढला.

हे सगळं मी तुला नानांसाठी सांगत नाहीये, एव्हाना तुझ्या ध्यानात आलं असेल. तू तसा चाणाक्ष आहेस. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना तुझ्या टेबलाचा खण उघडला. वायरीच्या टोकांना लावायच्या छोट्या टोप्या तू निवडून ठेवल्या होत्यास. निळ्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या, अगदी नीट. आणि एका डबीत लाल, हिरव्या, तपकिरी एकत्र. त्याच डबीवरून मी तुला किती वेळा बोलले असेन. पण जो मुलगा निळ्यात एकही पिवळी पडू देत नाही तो आळशी कसा असेल? लहानपणी तू चित्रातल्या झाडाची पानं तपकिरी रंगवायचास आणि बाई म्हणायच्या, मुलगा वेगळा विचार करतो. पिकलेले टोमॅटो आणायला पाठवलं तर अर्धे कच्चे आणायचास आणि मी म्हणायचे, भाजीवाला याला फसवतो. फर्निचरवाल्याच्या ट्रकवर लाल आणि तपकिरी. त्याआधी त्या पाण्याच्या टँकरवर हिरवी आणि तपकिरी. निळ्या-पिवळ्यात तुझी एकही चूक मला आठवत नाही, आणि मी खूप आठवून पाहिलं.

तरी मला पक्कं करायचं होतं. चष्म्याचा नंबर बघायचा म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि जाता जाता विचारलं. त्यांनी एक पुस्तक काढलं, पानापानावर रंगीत ठिपके, त्यात आकडे लपलेले. मला सगळे आकडे दिसले. त्या म्हणाल्या, तुम्हाला दिसणारच. हे बहुतेक वेळा वडिलांकडून मुलीत येतं आणि तिच्यात दिसत नाही, मग तिच्याकडून मुलाला मिळू शकतं. तिला स्वतःला पत्ताही लागत नाही. आजोबांना असेल आणि मुलगा अशा चुका करत असेल तर त्याला एकदा दाखवून घ्या, पण ऐकून तरी तसंच वाटतंय, असं म्हणाल्या. म्हणजे नानांच्या डोळ्यांतलं तुझ्या डोळ्यांत आलं आणि वाटेत मी होते. माझ्यातून गेलं आणि मला काही कळलं नाही. मी विचारलं, यावर औषध? त्या म्हणाल्या नाही, आणि हा आजारही नाही. कुणाला फार बारीक, चढ्या सुरातले आवाज ऐकू येत नाहीत, तसं हे. यात डोक्याचा काही संबंध नाही ना, असंही मी मुद्दाम विचारून घेतलं. त्या हसल्या. मी हसले नाही.

भोंगाकाकांच्या गाडीचं भूत तेवढं सांगून टाकते, नाहीतर तुला चैन पडायची नाही. नानांनी सगळ्या बिनगाठीच्या वायरी केबिनखाली एकाच बोल्टवर अर्थिंगला दिल्या होत्या. वायरिंग ठणठणीत, पण बोल्ट गंजून त्याच्याखाली पापुद्रा धरला होता. अर्थिंग तुटलं की वीज वाट शोधत शेजारच्या दिव्यातून परत फिरते, म्हणून पंखा लावला की दिवे मिणमिणायचे. घासून स्वच्छ केला, नवं वायसर घातलं, दुसऱ्या ठिकाणी आणखी एक अर्थिंग दिलं, झालं. मला हे सापडायला अख्खा दिवस गेला. तू असतास तर लवकर सापडलं असतं. त्या कचऱ्याच्या गाडीचा मागचा दिवा लागत नव्हता तेव्हा मी बटण, रिले, बल्ब सगळं बदलून बसले होते आणि तू नुसता चासीला कान लावल्यासारखा वाकून म्हणालास की अर्थिंग बघ. बघितलं तर तेच. तेव्हा मी तुझं कौतुक केलं नव्हतं. ही आमच्या घराण्याची खोड आहे, ‘हं’ म्हणायचं आणि जोडायचं. तर आता लिहून करते. खोट कुठे आहे हे हुडकायचं तुझ्याइतकं अंग मला नाही. नानांना होतं. तुझा जोड मी ओढून बघितला आहे, तुटत नाही. रंग हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, तो कागदावर छापून येतो. बाकीचं शिकवता येत नाही आणि ते तुझ्याकडे आहे.

दुकानात थोडा बदल केलाय. आता प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना आकड्यांची नळी चढवते. छापील मिळतात, स्वस्त असतात. जोडण्याआधी दोन्ही टोकांना मीटर लावून वायर बोलती करून घ्यायची, मीटर वाजला म्हणजे तीच वायर, मगच स्क्रू आवळायचा. हे मी तुझ्यासाठी केलंय असं समजून लाजू नकोस. परवाच संध्याकाळी वीज गेली होती आणि मी अर्धवट राहिलेलं काम आकडे वाचून, मोबाईलच्या उजेडात पुरं केलं. बाबा म्हणाले, इतकी वर्षं का नाही सुचलं? मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. तू परत यावंस असं मला वाटतं, हे लपवत नाही. पण तुला तिथेच राहायचं असेल, दुसरं काही शिकायचं असेल, तर त्यालाही माझी ना नाही. फक्त जे काही करशील ते आपल्याला डोकं नाही असं समजून करू नकोस.

हे सगळं मी तू सुट्टीला आलास की समोर बसवून सांगणार होते. घाई नव्हती. पण काल ताई बोलता बोलता म्हणाली की मालधक्क्यावर क्रेनला इशारे द्यायच्या कामासाठी तू नाव दिलंयस, तिथे कायम करतात, आणि पुढच्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी आहे.  तिथे तुझ्यासमोर तेच ठिपक्यांचं पुस्तक उघडतील. तुझ्या पुढची-मागची पोरं धडाधड आकडे वाचतील आणि तुला पानावर नुसते ठिपके दिसतील. मी तुला ओळखते. तू पान जवळ घेशील, लांब धरशील, घाम पुसशील, आणि बाहेर येऊन कुणाशी न बोलता खोलीवर जाशील, मनात तेच एक वाक्य घेऊन. कुणी म्हणेल, आकडे पाठ करून जा, कुणाला कळतंय. तसं अजिबात करायचं नाही, तिथे माणसांच्या डोक्यावर लोखंड लटकत असतं. सरळ सांगायचं, मला लाल-हिरवं वेगळं कळत नाही, माझ्या आजोबांनाही कळत नव्हतं. ते काम मिळणार नाही, न मिळो. त्या डॉक्टरांकडे यासाठी एक शब्द असेल आणि ते तो कागदावर लिहून तुझ्या हातात देतील. तो तू पहिल्यांदा एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून हे पत्र आजच टाकतेय. नानांनी ही गोष्ट जन्मभर एकट्याने सांभाळली, पोटच्या पोरीलाही सांगितली नाही. तुला ती तुझ्या आईने सांगितली. तुझं लक्ष नेहमी कामातच होतं, लेका. मी रोज समोर उभी होते, मी पाहिलंय.

तुझीच,
आई